कॉपीराइट नोंदणीच्या नावाखाली माझ्या चित्रांचे हक्क लिहून घेतले गेले

गेली बारा वर्षे मी पुण्यातील पेठांमधल्या जुन्या वाड्यांची रेखाचित्रे शाईने काढते आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली इंटरनेटवर ठेवते. माझे नाव द्यावे आणि विक्री करू नये, एवढ्याच माझ्या अटी; बाकी शाळेच्या प्रकल्पात, व्याख्यानात किंवा लेखात कोणीही ती खुशाल वापरावीत. जे वाडे डोळ्यांदेखत पडत आहेत, ते निदान कागदावर तरी सर्वांचे राहावेत, असे मला मनापासून वाटते.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ घरी आले. "ताई, अशी मोकळी टाकलेली चित्रे उद्या कोणीही स्वतःच्या नावावर करून घेईल, सरकारदरबारी नोंद झाली तरच ती तुमची," असे त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितले, की आठ चित्रांच्या नोंदणीसाठी मी त्यांना चोवीस हजार रुपये दिले. त्यांचे म्हणणे मुळातच खोटे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढले की त्याचा हक्क चित्रकाराकडे आपोआप येतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकेच. शिवाय साध्या चित्राचे सरकारी शुल्क प्रत्येकी ५०० रुपये आहे. पुढे त्यांनी 'प्रमाणपत्र' म्हणून जो कागद आणून दिला, तो अर्जाच्या डायरी क्रमांकाचा, म्हणजे नुसत्या पोचपावतीचा होता. तो क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते आणि त्यानंतरच अर्जाची छाननी होते, हे मला ठाऊक नव्हते.

पैशांपेक्षा सही महागात पडली. अर्जासोबतचे अधिकारपत्र म्हणून त्यांनी तीन पानांच्या इंग्रजी मजकुरावर माझी सही घेतली होती. त्याच्या दुसऱ्या पानावर, दाट टंकलेल्या परिच्छेदाच्या मध्यात, 'असाइन' हा शब्द होता. परवाना दिला तर हक्क आपल्याकडेच राहतो आणि समोरच्याला फक्त वापरण्याची मुभा मिळते. असाइन केले म्हणजे हक्कच त्याच्या नावे होतो. चहाचा कप हातात धरून मी त्या पानावर सही केली, हे अजूनही आठवते.

डिसेंबरात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात माझ्या विश्रामबागवाड्याचे कॅलेंडर टांगलेले दिसले. सज्जाखालच्या एका खांबाची रेघ काढताना माझा हात हलला होता. तो वाकडा खांब तसाच होता, मात्र उजव्या कोपऱ्यातली माझी सही खरवडून काढलेली होती. त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या पानावरून आठही चित्रे हटवली गेली, कारण 'मालका'ने तक्रार केली होती.

वकिलांनी कागद पाहून जे सांगितले, ते अशा प्रसंगात सापडलेल्या प्रत्येकाला माहीत असावे म्हणून लिहिते. हस्तांतरणपत्रात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. माझ्या कागदावर दोन्ही नव्हते. हक्क दिला तरी कलम ५७ प्रमाणे चित्र आपले असल्याचे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. फसवून मिळवलेली संमती करार कायद्यानुसार रद्द करता येते, आणि आम्ही त्याच आधारावर नोटीस पाठवली आहे. इंटरनेटवरून मजकूर हटवण्याच्या तक्रारीमागे २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो मजकूर पुन्हा खुला करता येतो. तसा आदेश आला नाही आणि माझी चित्रे परत दिसू लागली.

चोवीस हजार रुपये अद्याप मिळालेले नाहीत आणि पोलिसांकडे तक्रार दिली आहे. आपल्याकडेही कोणी असे अधिकारपत्र घेऊन आले, तर ते मराठीत समजावून घेईपर्यंत कागद स्वतःजवळ ठेवावा, डायरी क्रमांक कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा आणि अर्जदार म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते आधी पाहावे. माझ्या आठही अर्जांवर अर्जदार म्हणून त्या गृहस्थांचेच नाव होते.