सोलर पंपाचे १४ महिने आणि अंगठ्याएवढी एक रबरी ग्लँड

लिहायचं मनात नव्हतं. पण गेल्या महिन्यात पंप ११ दिवस बंद होता आणि तो कशाने बंद पडला हे कळल्यावर गप्प बसवेना. एचपी किती, पॅनल किती वॉटचे, हे तुम्हाला ठाऊक असतंच. ते सोडून देतो.

सकाळी कंट्रोलरवर, म्हणजे पंप चालवणाऱ्या पेटीवर, फॉल्ट. विकणाऱ्याला फोन लावला, तो म्हणाला मोटार बघा. मोटारवाले म्हणाले कंट्रोलर बघा. कंट्रोलरवाल्यांनी फोटो मागवले आणि चार दिवसांनी तेच फोटो पुन्हा मागवले. अखेर एक पोरगा आला. पेटीचं झाकण काढलं तर बोर्डावर पाल, भाजून काळी ठिक्कर.

"पाल वॉरंटीत बसत नाही, काका."

म्हटलं, बसत नसेल, पण ती शिरली कुठून ते दाखव. पेटीच्या बुडाला केबल घ्यायची तीन भोकं. दोन ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी रबरी बुचं) लावून बंद, तिसरं सताड उघडं. घरात जाऊन मॅन्युअलची पिशवी आणली. तळाशी तिसरी ग्लँड, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेली! बसवणाऱ्याने दोनच लावल्या आणि चहा पिऊन गेला. पोरगा पाच मिनिटं साहेबांशी हळू आवाजात बोलला. बोर्ड फुकट बदलून मिळाला.

तेव्हाच दोन स्टार द्यायचे ठरवले होते. पण ते ११ दिवस जुनं डिझेल इंजिन चालवलं आणि मत फिरलं. हँडल मारताना खांदा भरून आला, कॅन वाहिले, हाताचा वास जेवतानाही जाईना. माझं इंजिन तासाला लिटरभर पितं. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला ३०० तास धरले तर ८०० किलो. धूर डोळ्यांदेखत जायचा, पण त्याला वजन असेल असं कधी वाटलं नव्हतं.

एक तक्रार मात्र मागे घेतो. उन्हाळ्यात भर दुपारी धार बारीक व्हायची आणि मी पॅनलवाल्याला शिव्या घालायचो. २०० लिटरचा ड्रम लावून मोबाइलवर वेळ मोजली: थंडीतल्या स्वच्छ दुपारी २ मिनिटं, उन्हाळ्यात २ मिनिटं २० सेकंद. पॅनलवर छापलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. काचेला हात लावून बघा, कळेल. पॅनलला ऊन हवं, उष्णता नको. धुवायचे तर पहाटेच. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आता माझीच चूक. डिझेल जळत असताना वाफा भरला की मी पळत जाऊन इंजिन बंद करायचो. सोलर फुकट, म्हणून पंप तसाच चालू. विहिरीची पातळी उतरलेली दिसली तेव्हा टायमर लावला. खरं तर तो पहिल्याच दिवशी लावायला हवा होता.

आणि पंप बसवला म्हणजे शेत धुतल्या तांदळासारखं झालं, असंही नाही. रासायनिक खतातल्या नत्राचा साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, असं हिशेबाला धरतात. आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. उडालेल्या १ किलो नत्राचा, ऑक्सिजन धरून, दीड किलोहून थोडा जास्त वायू होतो. म्हणजे १०० किलो नत्रामागे सव्वाचारशे किलोंचा बोजा. पंपाने वाचवलं त्यातलं अर्धं मी युरियाच्या गोणीतून परत करतोय. या हंगामात हात आखडता घेतलाय, कारण मुख्यतः गोणीचा खर्च.

चार स्टार. पाचवा त्या ग्लँडचा कापला. नवीन पंप बसवून घेणार असाल तर माणूस गाडीला किक मारायच्या आत पेटीखाली वाकून भोकं मोजा, आणि मॅन्युअलची पिशवी त्याच्यासमोरच उपडी करा. इंजिन विकायला काढलं होतं, ते तूर्त राहू दिलंय.