चार्जिंगचा कंदील आणि इन्व्हर्टर बल्ब : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

आमचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे. जूनपासून परतीचा पाऊस संपेपर्यंत इथली लाईट वाऱ्यावर अवलंबून. फांदी तारेवर पडली की अख्ख्या वाडीत काळोख, आणि भर पावसात वायरमन येऊन फॉल्ट शोधेपर्यंत कधी दोन तास जातात, कधी पूर्ण रात्र. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि गोठ्यात म्हशी. म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही एक चार्जिंगचा कंदील आणि दोन इन्व्हर्टर बल्ब घेतले. आता फेब्रुवारी चालू आहे, वापर भरपूर झालाय, तेव्हा सविस्तर लिहिते. कंपन्यांची नावं देत नाही, कारण मॉडेलं सारखी बदलतात. खोक्यावर काय वाचायचं, ते मात्र बदलत नाही.

आधी कंदील. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१२ तास’ लिहिलंय. ते खरं आहे, पण सगळ्यात मंद उजेडावर. आतली बॅटरी लिथियमची, ३.७ व्होल्ट आणि ४००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते). दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की १४.८ वॅट-तास येतात. पूर्ण उजेडाला हा दिवा ५ वॅट खातो, म्हणजे तीन तासांच्या आतच आटोपतो. मंद उजेडाला साधारण १ वॅट लागतो, म्हणून रात्र निघते. दुकानात उभ्या उभ्या हा हिशोब मोबाईलवर करता येतो आणि दिवा घेताना माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी पडतो. ज्या खोक्यावर एमएएच आणि वॅट दोन्ही छापलेले नाहीत, नुसतेच तास आहेत, तो दिवा मी घेणार नाही. लिथियम बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधावा.

आमच्याकडे मुलीचा अभ्यास मधल्या उजेडावर होतो. स्वयंपाकघरात पूर्ण उजेड लागतो, पण तो अर्धा-पाऊण तासच. जेवणं झाली की मंद करून कंदील माजघरात ठेवायचा. अशा वापरात तो संध्याकाळपासून झोपेपर्यंत आरामात पुरतो आणि पहाटे गोठ्यात जाण्यापुरता उरतोही. बॅटरी उतरत आली की उजेड हळूहळू कमी होतो, एकदम विझत नाही. हे मला आवडलं, कारण चुलीवर काही असताना सावरायला वेळ मिळतो.

पिवळ्या उजेडाची सोय असलेला दिवा आवर्जून घ्या. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी पांढऱ्या उजेडावर इतकी झेपावते की ताटात पंख पडतात. पिवळ्यावर ती येते, पण बरीच कमी.

खटकलेल्या गोष्टी सांगते. बटण एकच आहे आणि ते पूर्ण, मध्यम, मंद, पिवळा, लुकलुक असं फिरत फिरत शेवटी बंद होतं. सासूबाईंना रात्री न्हाणीघरात जाताना दिवा लावायचा असतो आणि परत आल्यावर बंद करायचा असतो. “सूनबाई, ही उघडझाप कशाला गं ठेवलीय? डोळे दिपतात,” हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. म्हातारं माणूस असलेल्या घरात, बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं की थेट बंद होणारा दिवा हवा. दुकानात हे करून बघता येतं.

चार्जिंग टाईप-सी आहे, म्हणजे वेगळा गोल पिनचा चार्जर हरवण्याची भानगड नाही. पण दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या नव्या मोबाईलच्या वायरवर हा दिवा चार्जच होत नाही, जुन्या चपट्या यूएसबी टोकाचीच वायर लागते. हे स्वस्त दिव्यांत सर्रास दिसतं, खर्च वाचवायला, दिवा जोडलाय हे चार्जरला कळवणारे आतले दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात. चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण आहे का, तेही बघा. कोकणातल्या दमटपणात उघडी पिन गंजायला एक पावसाळा पुष्कळ झाला.

डोक्यावरच्या सोलर पट्टीसाठी जास्त पैसे देऊ नका. तळहाताएवढी पट्टी अर्धा वॅट देते असं धरलं, तरी १४.८ वॅट-तास भरायला तीस तास कडक ऊन पाहिजे, आणि लाईट जाते ती नेमकी ऊन नसलेल्या महिन्यांत. कंदिलावरून मोबाईल चार्ज करण्याचंही तसंच. ५००० एमएएचचा मोबाईल जवळपास १९ वॅट-तास मागतो, म्हणजे कंदील रिकामा होतो आणि मोबाईलही भरत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तशा वेळेसाठी पॉवर बँक वेगळीच ठेवावी.

आता इन्व्हर्टर बल्ब. नेहमीच्या होल्डरात बसतो, लाईट असताना साध्या बल्बसारखा जळता जळता चार्ज होतो आणि लाईट गेली की आपोआप चालू राहतो. सासूबाईंना अंधारात काही चाचपडावं लागत नाही, यासाठी मी याला पूर्ण गुण देते. मात्र ‘९ वॅट, ४ तास’ वाचून ९ वॅटचा उजेड चार तास मिळेल असं समजू नका. आत २२०० एमएएचची बॅटरी असते, म्हणजे जेमतेम ८ वॅट-तास. चार तासांत वाटले तर २ वॅटच येतात. वावरायला पुरे, वाचायला नाही.

तो कुठे लावायचा याचाही विचार करावा लागतो. बल्ब जळत असतानाच चार्ज होतो आणि पूर्ण भरायला आठ-दहा तास घेतो. अडगळीच्या खोलीत लावला तर कायम उपाशी. आम्ही एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघराच्या वाटेवर लावलाय.

विजा कडाडायला लागल्या की आमच्याकडे मेन स्विच बंद करतात, प्लग काढतात. तेव्हा हा बल्ब कधी लागतो, कधी लागत नाही. कारण असं की, घरातल्या दुसऱ्या चालू उपकरणांतून वायरिंगची वाट पूर्ण होते का, हे तो तपासतो. वाट सापडली तर ‘बटण चालू आहे, लाईट गेलीय’ असं धरून पेटतो, नाही सापडली तर बटण बंद समजून गप्प बसतो. मेन बंद करूनही एखाद्या पंख्याचं बटण चालू ठेवलं की आमच्याकडे तो लागतो. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही, आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात नेमकी याचीच गरज पडते.

दुकानात अजूनही जड, चौकोनी, शिशाच्या बॅटरीचे दिवे मिळतात. तेवढ्याच पैशांत उजेड जास्त दिसतो, पण ती बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात दिवा दहा मिनिटांत मान टाकतो. रोज चार्जिंगला लावून ठेवणार असाल तरच तो घ्या. लिथियमचं उलट आहे. दिवाळीनंतर मी कंदील अर्धा चार्ज करून कपाटात थंड जागी ठेवते आणि दोन-तीन महिन्यांनी थोडा भरते. परवा काढून बघितला, ठेवला तेवढाच चार्ज होता.

आणि कंदील कितीही चांगला असला तरी गोठ्याकडे जायला हातात टॉर्चच हवा. कंदिलाचा उजेड आपल्याच डोळ्यांवर येतो आणि पायाखालचं दिसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पायवाटेवर फुरसं हा विषारी साप असतो, जेमतेम हातभर लांब आणि पाचोळ्याच्या रंगाचा. तो टॉर्च मागच्या दाराच्या खिळ्याला टांगलेला असतो आणि तिथून कुणीही दुसरीकडे न्यायचा नाही, असा घरात नियम केलाय.