थायलंडमध्ये निवृत्ती: मालकीचा फ्लॅट की भाडेपट्ट्यावरचा बंगला?

वयाच्या पन्नाशीनंतर निवृत्तीच्या व्हिसावर थायलंडमध्ये राहू पाहणाऱ्या परदेशी माणसाला तिथली जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही, आणि फसवणुकीला सर्वाधिक वाव इथेच मिळतो.

फ्लॅटची पूर्ण मालकी मात्र कायदेशीररीत्या मिळू शकते. इमारतीतील सर्व फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, त्यामुळे हा कोटा शिल्लक असल्याचे व्यवस्थापनाचे लेखी पत्र हाती येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नये. पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा दाखलाही जपून ठेवावा, कारण नोंदणीच्या वेळी तो लागतो.

बंगल्याचे प्रकरण फार नाजूक आहे. भाडेपट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा असतो. ‘आणखी दोनदा तीस वर्षे नक्की’ हे विक्रेत्याचे आश्वासन म्हणजे नोंदवलेला हक्क नव्हे. त्याहून घातक सल्ला म्हणजे नावापुरते स्थानिक भागधारक दाखवून कंपनीच्या नावे जमीन घेण्याचा. हे सरळसरळ बेकायदेशीर आहे आणि त्यात आयुष्यभराची पुंजी अडकू शकते. जमिनीच्या ‘चानोत’ या मालकीपत्राची मागची बाजू आवर्जून पाहावी, कारण गहाणखत आणि पट्टे तिथेच नोंदलेले असतात, आणि ती नोंद भूमी कार्यालयातील मूळ प्रतीशी ताडून घ्यावी.

माझ्या मते बांधून पूर्ण झालेला, राहता फ्लॅटच घ्यावा, आणि वकील विक्रेत्याने सुचवलेला नसावा.