बंद युनिटच्या आठ मशिनी: ऑनलाइन लिलावातल्या खरेदीचा माझा अनुभव

अमळनेरला माझा शिवणक्लास आहे, एकोणीस वर्षं झाली. पायमशिनी भरपूर आहेत, पण हल्ली मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, जुकीवर कधी बसवणार?" जुकी म्हणजे कारखान्यातली मोटरवर चालणारी मशीन. त्यांचं बरोबरच आहे. सुरतला किंवा पुण्याला युनिटमध्ये काम धरायचं तर पायमशीन येते याला कुणी किंमत देत नाही. पॅडलवर पाय ठेवला की मशीन कशी सुटते आणि तिला कुठे आवरायचं, हे हाताला माहीत असावं लागतं. तसली नवीन सिंगल नीडल (एका सुईची) मशीन टेबल, स्टँड, मोटरीसह मला २८,००० सांगितली. तशी एक घेता आली असती. मला किमान सात-आठ हव्या होत्या.

म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत ऑनलाइन लिलावात उतरले. साईटचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच साईटी आहेत आणि लिलावाची रीत सगळीकडे जवळपास एकच आहे. कर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तारण ताब्यात घेते आणि लिलावाने विकते. आपल्याला वाटतं त्यात फक्त फ्लॅट आणि प्लॉट असतात. तसं नाही. सरकारी बँकांसाठी ‘बँकनेट’ नावाचं पोर्टल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं, त्यात गाड्या आणि यंत्रसामग्रीही येते. भंगार आणि जुनी यंत्रं यांच्यासाठी सरकारी ‘एमएसटीसी’ आहे, १९६४ सालची कंपनी. खाजगी कंपन्यांच्या साईटी वेगळ्या. माझा लॉट अशाच एका साईटवर होता: सुरतमधल्या उधन्याचं बंद पडलेलं कपड्यांचं युनिट, आठ सिंगल नीडल, दोन इंटरलॉक (कापडाच्या कडा शिवणाऱ्या मशिनी) आणि एक लोखंडी कटिंग टेबल. राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली विकत नाहीत ती, ८०,०००, बयाणा १० टक्के म्हणजे ८,०००, आणि बोली वाढवायची ती २,००० च्या टप्प्याने.

याआधी एकदा मी फसलेली आहे. दुसऱ्या एका साईटवर फक्त फोटो पाहून ९,५०० ला इंटरलॉक घेतलं होतं. वर्णनात ‘चालू स्थितीत’ लिहिलेलं. घरी आल्यावर झाकण उघडलं तर आतला लूपर, म्हणजे खालचा दोरा ओढणारा भाग, तुटलेला. तक्रार केली, तर विकणाऱ्याने नोटिशीतली ओळ दाखवली: ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’. मी ती वाचली होती, पण सगळीकडे छापतात म्हणून पुढे सरकले होते. त्या ओळीचा अर्थ एवढाच की बोली लावलीत म्हणजे माल तुम्ही पाहिला आणि तो तुम्हाला पसंत पडला.

आमचे आप्पा तूर-हरभरा घेऊन मार्केटला जायचे. हर्राशी सुरू होण्याआधी व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले दाणे मुठीत वर काढायचा, एखादा दाताखाली फोडायचा, आणि मग तोंड उघडायचा. मी लहानपणी पोत्यावर बसून हे पाहिलंय. ऑनलाइन लिलावात आपण नेमकं हेच सोडून देतो. फोटोवरून भाव ठरवतो आणि स्वस्त मिळालं म्हणून खूश होतो.

या वेळी मी रात्रीच्या गाडीने उधन्याला गेले. माझा भाऊ तिथे सुरतलाच लिंबायत भागात राहतो. त्याचा मुलगा तिथल्याच एका युनिटमध्ये मशिनींची दुरुस्ती करतो, त्याला बरोबर घेतलं. माल बघायला एकच दिवस दिलेला, ११ ते ४. युनिटची वीज केव्हाच तोडलेली, त्यामुळे मोटर लावून काही बघता येणार नव्हतं. आम्ही मोबाइलच्या उजेडात एकेक मशीन पाहिली. एका मशिनीला वीस-पंचवीस मिनिटं दिली.

ते कसं पाहिलं हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझे पैसे तिथेच वाचले. आधी उजवीकडचं चाक हाताने सावकाश फिरवायचं. एका ठिकाणी जड लागून पुढे सुटत असेल तर आत काहीतरी घासतंय. मग सुई खाली आणून सुईचा दांडा बोटांत धरून हलवायचा. तो खडखडला तर बुश झिजलेला. हेड, म्हणजे टेबलावरची मुख्य मशीन, मागे कलतं करून खालच्या ट्रेमधलं तेल बघायचं. तेल काळं असलं तरी चालेल, पण बोटावर घेऊन उजेडात धरल्यावर त्यात चमक दिसली तर ती झिजलेल्या लोखंडाची. बॉबिन केस काढून हुकाच्या (सुईचा दोरा पकडणारा भाग) टोकावर नख फिरवायचं. टोक शाबूत असेल तर नखाला टोचतं, मोडलेलं असेल तर बोथट लागतं. शेवटी सुईत दोरा ओवून जुन्या सुती कापडावर हाताने चाक फिरवत दहा टाके काढायचे आणि कापड उलटून खालचा टाका बघायचा. तिसऱ्या मशिनीच्या हुकावर नख फिरवून भाचा लगेच म्हणाला, "फुई, हाई सोडी दे. हिना हूक गया."

पाचव्या मशिनीच्या टेबलावर सप्तशृंगीचा स्टिकर होता आणि त्याच्या खाली पेनाने लिहिलेलं ‘शिंदखेडा’. आपल्याकडचंच कुणीतरी तिथे बसत होतं. ते कुठे गेले, त्यांचा शेवटचा पगार मिळाला की नाही, हे विचारायला तिथे वॉचमनशिवाय कोणी नव्हतं आणि त्यालाही माहीत नव्हतं. त्या टेबलापाशी मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

संध्याकाळी भावाच्या घरी कागदावर हिशेब मांडला. जुन्या मशिनी विकणाऱ्या दोन दुकानांत भाच्याने भाव विचारून ठेवले होते. पाच चांगल्या मशिनी १८,००० प्रमाणे ९०,०००. दोन दुरुस्तीच्या, १०,००० प्रमाणे २०,०००. हूक गेलेली सुट्या भागांसाठी ३,०००. इंटरलॉक एक चालू २०,०००, एक बंद ८,०००. कटिंग टेबल हिशेबात धरलंच नाही. बेरीज १,४१,०००. त्यातून जीएसटी, हमाली, टेम्पो आणि दुरुस्ती यांचे ३५,००० वजा केले. उरले १,०६,०००. हा माझा शेवटचा आकडा. तो मी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि खाली तारीख टाकून सही केली. बोली चढायला लागल्यावर आपल्याच हाताचा भरवसा राहत नाही, म्हणून सही.

आता प्रत्यक्ष बोलीबद्दल. ईबे इंडिया होतं तेव्हा मी त्यावर मशिनीचे सुटे पाय, रफलर वगैरे बोली लावून घ्यायची. (आधी ती ‘बाझी’ नावाची साईट होती. ईबेने २००४ मध्ये ती विकत घेतली आणि भारतातलं हे दुकान २०१८ मध्ये बंद झालं.) तिथे आपण आपला जास्तीत जास्त आकडा एकदाच भरून ठेवायचो. साईट आपल्या वतीने दुसऱ्यापेक्षा एकच टप्पा वर बोली ठेवायची. मी ५०० भरले आणि समोरचा २२० वर थांबला, तर मला वस्तू त्याच्या जरा वर मिळायची, ५०० ला नाही. वेळ ठरलेली असायची, त्यामुळे पुष्कळ जण शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकून वस्तू उचलायचे. ती युक्ती मलाही अंगवळणी पडली होती.

बँकेच्या लिलावात ती चालत नाही, हे नवीन माणसाने आधी समजून घ्यावं. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आपोआप आणखी पाच मिनिटं वाढते, आणि कितीही वेळा वाढू शकते. माझा लिलाव ११ ते १२ होता. क्लासमध्ये दोन मुली कटिंग करत होत्या, मी काउंटरवर लॅपटॉप उघडून बसले. समोरच्यांची नावं दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात. रुमालाखाली हात घालून भाव करायचे तसंच वाटतं. ११:५६ ला माझी ९६,००० ची बोली वर होती. ११:५८ ला दुसऱ्याने ९८,००० केले आणि वेळ वाढली. मी १,००,०००. त्याने १,०२,०००. माझा घसा कोरडा पडला. मी १,०४,००० टाकले आणि हात मांडीखाली दाबून बसले. तो १,०६,००० वर गेला असता तर माझं तिथेच संपलं होतं, कारण त्याच्या पुढचा आकडा वहीत नव्हता. पाच मिनिटं गेली, स्क्रीन हिरवी झाली, लॉट माझा झाला. मुलींना मी काही सांगितलं नाही, आधी पाणी प्यायले.

साईटबद्दल स्पष्ट लिहिते. पैशाचा व्यवहार चोख. बयाणा भरल्याची पावती लगेच आली, उरलेली रक्कम भरायला सात दिवस दिले, विक्रीचं पत्रही वेळेत मिळालं. ज्यांना लॉट मिळत नाही त्यांचा बयाणा परत येतो. याआधी मी एक लॉट हरले होते, त्याचे पैसे सहाव्या दिवशी खात्यात होते. पण नोटीस पूर्ण इंग्रजीत. अमळनेर-चोपड्याच्या किती बाया-पुरुष ती वाचून पुढे जातील? फोटो अंधारात काढलेले, मशीन कुठल्या कंपनीची ते एकाही फोटोत दिसत नव्हतं. मोबाइलवर बोलीचं पान उघडतं पण बटण चालत नाही. आणि माल बघायला नोकरी करणाऱ्या माणसाला अडचणीचा असा मधल्या वारी एकच दिवस. या चार गोष्टी सुधारल्या तर लिलावात आपल्यासारखे खूप लोक येतील. आज तिथे बहुतेक मोठे भंगारवालेच असतात.

माल आणतानाचंही सांगते. गुजरातमधून महाराष्ट्रात ५०,००० च्या वरचा माल आणायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं. बिल हातात येईपर्यंत टेम्पो बोलवू नका. मी घाई केली असती तर उभ्या गाडीचं भाडं बसलं असतं. टेम्पोवाल्याने आधी १४,००० सांगितले होते. भाच्याने सुरत मार्केटला भाजीपाला टाकून रिकामा परतणारा धुळ्याचा टेम्पो गाठला, तो ७,५०० ला नवापूर-साक्रीवरून थेट दारात आला. हेड टेबलावरून काढून गोणपाटात गुंडाळायचे, नाहीतर कोंडाईबारी घाटात एकमेकांवर आपटतात.

सगळं मिळून, दुरुस्तीसकट, खर्च १,३८,९०० झाला. आज सात सिंगल नीडल आणि एक इंटरलॉक चालू आहे, म्हणजे एक मशीन साडेसतरा हजारांच्या आत पडली. दोन मशिनींना जुन्या क्लच मोटरी होत्या, त्या बदलून सर्व्हो बसवल्या. क्लच मोटर शिवत नसतानाही फिरत राहते आणि वीज खाते. सर्व्हो पॅडल दाबलं तरच फिरते, शिवाय वेग कमी ठेवता येतो, शिकणाऱ्या मुलींना ते फार सोयीचं आहे.

स्टिकरवाली मशीन खिडकीजवळ ठेवली आहे. स्टिकर तसाच आहे. दुसऱ्या इंटरलॉकचा लूपर अजून मिळालेला नाही, भाचा उधन्यात शोधतोय. एप्रिलमध्ये नवीन बॅच सुरू केली, अकरा मुली आहेत, पाळीपाळीने बसवते.