पणजीत महिला हक्कांच्या कामात केलेली चार आठवड्यांची इंटर्नशिप

गेल्या मे महिन्यात पणजीत, बायकांना कायद्याची मदत करणाऱ्या एका संस्थेत मी चार आठवडे इंटर्नशिप केली. मी पाच वर्षांच्या बीए एलएलबीला आहे, तिसरं वर्ष नुकतंच संपलंय, घर साखळीजवळ. ज्युनियर मुली सारख्या विचारतात, "ताई, तिथं जाऊ का?" म्हणून एकदाच नीट लिहिते. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच. संस्थेचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांच्या दारावर पाटीसुद्धा नाही, कारण बायकोला शोधत येणारे नवरे पाट्या वाचतात. ज्या बायकांबद्दल लिहिलंय त्यांचे तपशीलही बदललेत.

वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमाने आम्हाला शिक्षण संपेपर्यंत एकूण २० आठवडे इंटर्नशिप लागते आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. बहुतेक जणी हे आठवडे एखाद्या सिनियरच्या मागे फाइली घेऊन फिरण्यात काढतात. इथं दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर एक बाई बसली आणि मॅडम, म्हणजे संस्थेतल्या वकील, म्हणाल्या, "ती सांगते ते लिहून घे. मध्ये बोलू नको."

बाई तारखांनी बोलत नाही. ती सांगते, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान आणायला पैसे मागितले त्या दिवशी पहिल्यांदा मारलं. धाकट्याला ताप होता तेव्हा रात्री घराबाहेर काढलं. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, तो पिऊन आला तेव्हा भांडी फेकली. यातून २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, कलम १२ चा, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे दाद मागायचा अर्ज उभा करायचा असतो आणि मॅजिस्ट्रेटला तारखा हव्या असतात. मॅडमच्या टेबलाच्या खणात मागच्या सहा वर्षांची कालनिर्णय ठेवलेली आहेत. ती काढायची, बाईच्या शेजारी बसायचं आणि पानं उलटत जायचं. चवथ (गणेश चतुर्थी) त्या वर्षी कधी होती? त्याच्या आधी की नंतर? शाळा सुरू झाली होती का? तासाभराने अर्ध्या पानावर सात तारखा उतरतात आणि बाई स्वतःच त्या कागदाकडे बघत राहते. कॉलेजात तीन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

गोव्यात इंटर्नशिप करायचं दुसरं कारण म्हणजे आपला, पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा लग्नाचा कायदा आपण परीक्षेपुरता पाठ करतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि बायको अर्ध्याची मालकीण, हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल. पण पहिल्याच आठवड्यात डिचोली तालुक्यातली एक बाई आली. देवळात लग्न, मंगळसूत्र, दोन मुलं, अकरा वर्षांचा संसार. नवऱ्याने घर विकायला काढलं होतं. मॅडमनी विचारलं, "दुसरी सही केली होती?" ती म्हणाली, "सही केल्या न्हय, मागीर आनीक कितें उरलें?" (सही केलीय ना, मग आणखी काय उरलं?)

उरलं होतं सगळंच. रजिस्ट्रारच्या ऑफिसात पहिली सही म्हणजे फक्त लग्न करायचा इरादा जाहीर करणं. नोटिशीची मुदत संपल्यावर साक्षीदार घेऊन परत जायचं आणि दुसरी सही करायची, तेव्हा कायद्याने लग्न होतं. ही बाई दुसऱ्यांदा गेलीच नव्हती. तिला कुणी नेलं नव्हतं. म्हणजे अर्ध्या वाट्याचा आधारच गेला. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर तिचं नाव नव्हतंच. तरीही हात टेकायची गरज नव्हती. २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या बाईलाही संरक्षण देतो, घर कुणाच्याही नावावर असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. मॅडमनी त्या दिशेने अर्ज केला. पण संध्याकाळच्या बसमध्ये मला राहून राहून वाटत होतं की आमच्या गावातल्या किती घरांत ही दुसरी सही झाली असेल. घरी गेल्या गेल्या मी वहिनीला विचारलं. तिची झाली होती. तिने कपाटातून दाखला काढून दाखवला तेव्हा कुठे बरं वाटलं.

आता तो कापलेला गुण. दुसऱ्या आठवड्यात मला एका बाईला फोन करून तारीख कळवायला सांगितलं. मी संध्याकाळी सातला फोन केला. नवऱ्याने उचलला. मी "वकिलांच्या ऑफिसातून बोलते" म्हणाले. पुढचे अकरा दिवस तो फोन बंद होता. त्या अकरा दिवसांत मी नीट जेवले नाही. बाराव्या दिवशी ती स्वतः आली, धड होती, माझ्यावर रागावली नाही, उलट मलाच म्हणाली, "बाय, तुका कळूंक ना." (बाई, तुला कळलं नाही.) चूक माझीच आहे. पण बायकांशी संपर्क कसा करायचा हे पहिल्या दिवशी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. हे सगळं ऐकलेलं घेऊन घरी जाणाऱ्या इंटर्न मुलींशी आठवड्यातून एकदा तरी बोलायला हवं. तिथं तीनच वकील आहेत आणि सगळ्या कोर्टात धावत असतात, हे मला दिसत होतं. तरी हे टाळता येण्यासारखं होतं. मी तसं लिहून दिलं. आता बाईची माहिती भरून घ्यायच्या त्यांच्या फॉर्ममध्ये वेगळा रकाना आहे: फोन कधी करावा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगावं. ती बाई पुन्हा आली तेव्हा तिचा रकाना मीच भरला. मंगळवार, अकरा ते बारा. शिवण क्लासातून बोलते म्हणायचं.

पैसे मिळत नाहीत. साखळी ते पणजी कदंबची (सरकारी) बस, मग कधी म्हापसा कोर्ट, कधी डिचोली, दुपारी पातळभाजी-पाव. महिन्यात माझे तीन हजारांवर गेले आणि ते बाबांनी दिले. पणजीलगतच्या ताळगाव-मिरामारच्या मुलींना हे जाणवणार नाही. पण लांबच्या वाळपईच्याही पुढची मुलगी, जिला त्या बायकांची बोली आणि घरं आतून माहीत आहेत, ती भाड्यापायी येऊच शकत नाही. संस्थेकडे पैसा नाही हे मान्य. मग कॉलेजांनी निदान बसचा पास द्यावा. ही मागणी मी आमच्या प्राचार्यांकडे लेखी दिली आहे, उत्तराची वाट बघतेय.

जाणार असाल तर काही गोष्टी आधी वाचून जा: २००५ च्या कायद्याची कलमं १२, १७ ते २३, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२, ज्याच्याखाली कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे वाक्य तुम्हाला रोज सांगावं लागेल. कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकालासाठी साठ दिवसांचं उद्दिष्ट लिहिलंय. मी पाहिलेला एकही अर्ज साठ दिवसांत संपला नव्हता, त्यामुळे बाईला दिवस मोजून शब्द देऊ नका. कोंकणी येत असेल तर फार उपयोग होतो. लिहायचं इंग्रजीत किंवा मराठीत, ऐकायचं कोंकणीत. आणि अर्ज जानेवारीतच टाका, जागा दोनच असतात. पुढच्या मे महिन्यासाठी एक माझी असावी म्हणून मी आत्ताच विचारून ठेवलंय.