घराचं माप: फूट-इंचात घ्यावं की एमएममध्ये?

सुतारकाम किंवा खिडक्यांचं काम सुरू व्हायच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं, "मापं इंचात लिहू का एमएममध्ये?" बहुतेक घरमालक सांगतात, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं लिहा." मीही तेच सांगितलं होतं. साताऱ्याबाहेर तीन गुंठ्यांवर आम्ही घर बांधलं, त्याला आता चार वर्षं झाली. तळमजला सगळा फूट-इंचात झाला आणि वरचा मजला एमएममध्ये. दोन्ही मापांत पैसे घातले आहेत, म्हणून ज्यांचं काम आता निघतंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच, पण फुटाची बाजू लंगडी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही.

उलट, घराचा विचार फुटातच सुचतो. "दहा बाय बारा" म्हटलं की खोली डोळ्यांसमोर उभी राहते. पलंग कुठे लागेल, कपाटाचं दार उघडल्यावर किती वाट उरेल, सगळं दिसतं. त्याच खोलीला ३०५० बाय ३६६० म्हटलं तर निदान माझ्या पिढीला काहीच दिसत नाही. बांधकामाचे दर चौरस फुटावर ठरतात. वाळू, खडी, मुरूम ब्रासमध्ये येतो आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. भिंत नऊ इंची किंवा चार इंची. शिवाय आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आहेत, ते इंचाला नेमके बसतात. "सव्वादोन इंच सोड" हे वाक्य ओळंबा हातात धरलेल्या माणसाला पुन्हा सांगावं लागत नाही. त्याहून बारीक हवं तर सूत आहे, इंचाचा आठवा भाग. आमचे मिस्त्री सळईसुद्धा सुतातच मागतात: तीन सूत म्हणजे दहा एमएमची, चार सूत म्हणजे बाराची.

आता त्या तीन सुताचं खरं माप काढा. एक सूत म्हणजे ३.१७५ एमएम, म्हणजे तीन सूत साडेनऊ आणि चार सूत १२.७ झाले. दुकानातली सळई मात्र १० आणि १२ एमएमचीच असते, म्हणजे बोलण्यात सूत उरलं आहे आणि माल कधीच मेट्रिक झाला आहे. सोन्याचंही तसंच झालं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज सराफाकडे आपण दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्यानंतर शेर-मण बाजारातून गेले, पण बांधकामाच्या जागेवर फूट टिकून राहिला. माझ्या मते तो शब्द म्हणून टिकला तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते कागदावर.

आमच्या तळमजल्याला तीन स्लायडिंग खिडक्या होत्या. गिलावा झाला, मिस्त्रींनी टेप लावला आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद फाडून त्यावर सुतारी पेन्सिलीने रुंद्या लिहिल्या: हॉल ६.०, स्वयंपाकघर ४.१०, मागची खोली ३.६. मी त्या कागदाचा फोटो काढला आणि खिडकीवाल्याला पाठवला. बारा दिवसांनी खिडक्या आल्या. हॉलची अगदी बरोबर बसली. स्वयंपाकघरची जवळजवळ एक वीत लहान निघाली. आणि मागच्या खोलीची सव्वा इंच मोठी, ती आत जाईचना.

एकाच माणसाने, एकाच टेपने, एकाच दिवशी घेतलेली मापं. एक बरोबर, एक लहान, एक मोठी. आम्ही अर्धा दिवस डोकं धरून बसलो होतो. खिडकीवाला म्हणत होता, "तुमच्या कागदाप्रमाणेच केलंय." मिस्त्री म्हणत होते, "माझं माप सुताने हललेलं नाही." दोघेही खरं बोलत होते. शेवटी मी कागद मिस्त्रींसमोर धरला.

"हे चार पॉइंट दहा आहे का चार फूट दहा?"

"चार फूट दहाच की ओ. दुसरं काय असणार?"

खिडकीवाल्याकडे मात्र कटिंगचं माप एमएममध्ये काढतात. त्याच्या मुलाने ४.१० ला ३०४.८ ने गुणलं आणि १२५० आलं. चार फूट दहा इंच म्हणजे खरं १४७३. फरक २२३ एमएमचा. ३.६ चंही तसंच झालं: साडेतीन फूट म्हणजे १०६७, पण त्याने धरलं ३.६ फूट, म्हणजे १०९७. आणि ६.० कसंही वाचलं तरी सहाच, म्हणून तेवढी एक खिडकी वाचली.

माझा निर्णय इथेच झाला. फूट-इंचाबद्दल बाकीच्या ज्या तक्रारी लोक करतात, बाराचा हिशोब अवघड वगैरे, त्या मला फारशा जाणवल्या नाहीत. तो टिंब मात्र जाणवला. आपल्याकडे पाच फूट सहा इंच सर्रास ५.६ असं लिहितात, उंचीसुद्धा तशीच सांगतात. लिहिणाऱ्याला तो टिंब फूट आणि इंच वेगळे करणारा दिसतो. वाचणारा शाळेत शिकला तसं दशांश चिन्ह म्हणून वाचतो. ४.१० आणि ४.१ यांत लिहिणाऱ्याच्या लेखी नऊ इंचांचं अंतर आहे, कॅल्क्युलेटरच्या लेखी काहीच नाही. ४.१० आणि ३.५ यांची बेरीज करून पाहा. खरं उत्तर आठ फूट तीन इंच. कॅल्क्युलेटर ७.६ सांगतो, आणि तो आकडा पुन्हा कोणीतरी साडेसात फूट म्हणून वाचतो. म्हणजे नऊ इंच हवेत गेले आणि कागदावर सगळं बरोबर दिसतं.

मोठी चूक निदान लगेच दिसते. मला जास्त भीती छोट्या चुकीची वाटते. कपाटाची उंची ६.९ लिहिली, सहा फूट नऊ इंच म्हणून. कोणी ती ६.९ फूट वाचली तर फरक ४६ एमएमचा पडतो. पावणेदोन-दोन इंच. कपाट उभं राहतं, वरचं लॉफ्ट बसत नाही, आणि दोष प्लायला, भिंतीला, सुताराला, सगळ्यांना लागतो. कागद तोवर कोणाकडेच उरलेला नसतो.

एमएममध्ये ही भानगड उद्भवतच नाही, कारण तिथे टिंब लागत नाही. घरातलं कुठलंही माप एका पूर्ण आकड्यात मावतं. १४७३ म्हणजे १४७३. अपूर्णांक नाही, दोन एककांची जोडी नाही. वरच्या मजल्याची सगळी दारं, खिडक्या, कपाटं, ओटा मी अशीच लिहून दिली आणि एकही वस्तू परत पाठवावी लागली नाही. एका घराच्या अनुभवावरून नियम काढू नये हे मान्य आहे. पण टेप तोच होता आणि मिस्त्रीही तेच होते.

सेंटिमीटर मात्र मी सुचवणार नाही. १४७.३ लिहिलं की टिंब पुन्हा दारात हजर. ऑस्ट्रेलियाने १९७०च्या दशकात बांधकाम मेट्रिकवर नेलं, तेव्हा त्या धंद्यात मिलिमीटर ठेवला आणि सेंटिमीटर जाणीवपूर्वक टाळला. खिडकीचा अनुभव आल्यावर मला त्यांचं म्हणणं पटकन पटलं.

एमएमची अडचण वेगळीच आहे आणि ती खरी आहे. फोनवर मराठीत आकडा सांगून पाहा. चौदाशे त्र्याहत्तर की चौदाशे त्र्याऐंशी? मागे कटरचा आवाज चालू असला की समोरच्याला काहीही ऐकू जातं. सुतार हिंदी बोलणारा असेल तर आणखी घोळ. आम्ही सरळ एकेक अंक सांगायचो: एक, चार, सात, तीन. आणि नंतर तोच आकडा लिहून पाठवायचो. दुसरी अडचण माणसांची. वयस्कर सुताराला एमएम येत नाही असं नाही, पण त्याची नजर इंचात तयार झालेली असते. फळी बघून तो "ही अठरा इंच नाही, साडेसतरा भरेल" असं सांगतो आणि तेवढीच भरते. ही नजर तीस-तीस वर्षांनी येते. तुमच्याकडे असा माणूस असेल तर त्याला एमएमवर ओढू नका, असंच मी म्हणेन. त्याला फक्त एक विनंती करा: फूट टाकून सगळं इंचात लिहा. ४.१० नको, ५८ इंच लिहा. त्यावर सुतं असतील तर ५८ इंच ३ सूत असं अक्षरात. टिंब कुठेच नको. एवढं पाळलं तर इंचातही घर नीट होतं. चांगले जुने सुतार असंच लिहितात हेही मी पाहिलं आहे.

बाजारातला माल मात्र एमएमच्या बाजूने ढकलत राहतो. आपण जिला "दोन बाय दोन"ची फरशी म्हणतो ती ६०० एमएमची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०९.६. एका फरशीमागे दहा एमएम कोणी मोजत नाही. पण आमचा हॉल बरोबर वीस फूट, म्हणजे ६०९६ एमएम. दहा फरश्या ६००० झाल्या, फटी धरूनही भिंतीकडे तीन इंचांची पट्टी उरली. ती पट्टी आजही सोफ्यामागे दिसते. आधी एमएममध्ये मोजलं असतं तर सुरुवात मधून करून दोन्ही कडांना सारखे तुकडे घेतले असते. प्लाय आठ बाय चारचा म्हणूनच मिळतो, पण जाडी १८ किंवा १९ एमएम. त्याला "पाऊण इंची" म्हटलं की दोन्ही एकच वाटतात, आणि पाच फळ्यांच्या कपाटात पाच एमएम इकडेतिकडे होतात. ड्रॉवरच्या चॅनेलला तेवढे पुरतात अडकायला. शेगडी, चिमणी, सिंक यांच्या कटआउटची मापं कागदावर एमएममध्येच छापलेली असतात. ग्रॅनाइटवाला ती इंचात करून घेतो आणि मग कापतो. ते रूपांतर मधे नसलेलं बरं.

पाइप तेवढे वेगळे काढा. अर्धा इंची नळाचा आटा बाहेरून २१ एमएमच्या आसपास भरतो. तो अर्धा इंचही नाही आणि सरळ मेट्रिकही नाही. पाइपांची ती नावं आहेत असं समजून नावानेच मागावेत, त्यात तुलना करू नये.

पाण्याच्या टाकीचा हिशोब मीटरमध्ये करा, एवढं मी ठामपणे सांगेन. दोन मीटर बाय दीड बाय दीड म्हणजे साडेचार घनमीटर, म्हणजे ४५०० लिटर. झालं. फुटात तेच करायला घनफुटाला २८.३ ने गुणत बसावं लागतं.

जमिनीचं माप हा विषय इथला नाही, पण घर जमिनीवरच उभं राहतं म्हणून दोन ओळी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि व्यवहार गुंठ्यात बोलला जातो. गावाकडे एक आर म्हणजे एक गुंठा असं सर्रास धरतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फूट. गुंठा ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. तीन गुंठ्यांत फरक ३८-४० चौरस फुटांचा, छोट्या न्हाणीघराएवढा. ४० आर आणि एक एकर यांत तो अर्ध्या गुंठ्याजवळ जातो. दर गुंठ्याचा ठरला असेल आणि उताऱ्यावर आर असेल तर विसारपावतीवर चौरस मीटर लिहून घ्या आणि पैसे त्यावर मोजा.

टेप नवा घेणार असाल तर फक्त एमएमच्या खुणा असलेला मिळतो का बघा. नेहमीच्या टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर असतात. दुकानात आपण "पाच मीटरचा टेप" मागतो आणि जागेवर त्याची इंचाचीच कड वापरतो, हात आपोआप तिकडे जातो. आणि ज्यांना टेपच्या टोकाच्या हूकवर भरवसा नसतो ते एक इंच सोडून, त्या खुणेपासून धरतात. ते चालेल, पण एमएममध्ये मोजताना शंभरावर धरा. शंभर वजा करायचे राहिले तर ते लगेच खटकतं, एक इंच राहिला तर खटकत नाही.

आणि एक. काम अर्धं फुटात झालं असेल तर मधेच बदलू नका. आम्ही तळमजला पूर्ण संपल्यावर, वरचा स्लॅब पडल्यावर बदललं, आणि त्या दिवशी मिस्त्री, सुतार, खिडकीवाला तिघांना एकत्र उभं करून सांगितलं. मिस्त्रींना पहिले चार दिवस जड गेलं. पाचव्या दिवशी त्यांनी जिन्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलीने ९०० लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि सुताराला म्हणाले, "दाराची चौकट एवढी. फूट विचारू नको." वीतभर लहान निघालेली ती खिडकी आम्ही परत पाठवली नव्हती. माळ्यावरच्या खोलीत तिच्यासाठी १२६० ची जागा ठेवून भिंत बांधली. दोन्ही बाजूंना पाच-पाच एमएमची फट राहिली, तेवढीच सिलिकॉनला हवी होती.