खेड्यातल्या शाळेत प्युअर डेटा: सॉफ्टवेअर चांगलं, धडे आपणच लिहा

भजनी मंडळात पेटी-खंजिरी वाजवणाऱ्या पोरांना कॉम्प्युटरवर आवाज घडवायला शिकवायचं असेल, तर मिलर पकेट यांचं प्युअर डेटा घ्या. यात पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते तारांनी जोडून आवाज घडवायचा. फुकट आहे, शाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर चालतं, एकदा उतरवलं की नेट लागत नाही. फाइल इतकी लहान की पेन ड्राइव्हवरून कुठंही नेता येते. त्याच धर्तीचं मॅक्स विकत घ्यावं लागतं.

कमी आहे ती धड्यांची. चौकोनावर राइट क्लिक करून ‘हेल्प’ दाबलं की चालतं उदाहरण उघडतं, ही सोय फारच छान. पण ते इंग्रजीत आहे, आणि जाणकाराच्या कामाचं. आठवीच्या मुलाला त्यातून सुरुवात सापडत नाही.

आपल्या धड्याच्या पहिल्या पानावर तीनच चौकोन द्या: ‘ऑस्क~ 440’ (सेकंदाला 440 कंपनांचा सूर काढणारा), ‘*~ 0.1’ (आवाज कमी करणारा), ‘डॅक~’ (आवाज स्पीकरकडे पाठवणारा). नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची: osc~, dac~. मधला चौकोन गाळला तर आवाज पूर्ण जोरात येतो, हेडफोनमध्ये कान दुखतो. ‘डॅक~’च्या दोन्ही तोंडांना तार हवी, नाहीतर एकाच बाजूनं ऐकू येतं. गुणाकारापुढचं टिल्ड (~ हे चिन्ह) राहिलं तर तार जोडलीच जात नाही.

खरी मजा दुसऱ्या पानावर. इथं प्रत्येक स्वराला क्रमांक असतो: पांढरी एकचा सा म्हणजे 60, रे 62, ग 64, म 65, प 67, ध 69, नी 71. हे आकडे ‘एमटॉफ’मधून (mtof, स्वराच्या क्रमांकाची कंपनं करून देणारा चौकोन) ‘ऑस्क~’ला द्यायचे. 69 चे 440 होतात, म्हणजे पहिल्या पानावरचा सूर ध होता, हे पोरं स्वतःच ओळखतात. आता आकडा आणि ‘एमटॉफ’ यांच्या मध्ये ‘+ 0’ टाका आणि त्याच्या उजव्या तोंडाला 1 द्या: पट्टी काळी एक. सूर मात्र हलत नाही! उजवं तोंड आकडा नुसता धरून ठेवतं. डावीकडून स्वर पुन्हा आला की बेरीज होते. नवशिके सगळ्यात जास्त इथंच अडतात, म्हणून याला अख्खं पान द्या.

लयीसाठी ‘मेट्रो 500’ (metro) पुरे: दर 500 मिलिसेकंदांनी एक, म्हणजे मिनिटाला 120 ठोके.

आवाज तडतडला तर ऑडिओ सेटिंग्जमध्ये डिले 80–100 मिलिसेकंद करा; बटण दाबल्यावर सूर थोडा उशिरा येईल. आणि पानांची झेरॉक्स काढण्याआधी प्रत्येक टिल्ड पेनानं जाड करा, झेरॉक्समध्ये ते हमखास पुसट होतं.